‘भांडणातून खून’ : पहिल्या कागदावरच पुसली जाणारी जात

जिल्हा पानावरची बातमी आपण सगळे वाचतो. ‘किरकोळ वादातून खून.’ ‘बांधाच्या भांडणातून एकाचा मृत्यू.’ ‘पाण्याच्या वादातून मारहाण, एक ठार.’ सातारा असो की सांगली, मथळा ठरलेला. खाली चार ओळी : अमुक गाव, अमुक वय, अमुक पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल. मेलेला माणूस कोणत्या वस्तीतला आणि मारणारे कोणत्या आळीतले, हे त्या चार ओळींत नसते. ते गावाला माहीत असते, पोलिसांना माहीत असते, वार्ताहरालाही माहीत असते. कागदाला मात्र माहीत नसते.

मित्रांनो, आम्हाला आज या कागदाबद्दलच बोलायचे आहे. कारण खटला पुढे सत्र न्यायालयात जातो, तिथून अपिलात उच्च न्यायालयात जातो, कधी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जातो. आपण प्रत्येक टप्प्यावर मोर्चा काढतो, निवेदन देतो, निकाल विरोधात गेला की व्यवस्थेला शिव्या घालतो. पण अपिलात बसलेला न्यायाधीश गाव पाहत नाही. तो कागद वाचतो. जी गोष्ट कागदावर आलीच नाही, ती वरच्या कोर्टासाठी घडलेलीच नसते.

कुळकजाई : नदीच्या उगमाशी पाण्यासाठी

सातारा जिल्ह्यातला माण तालुका. त्यातले कुळकजाई हे डोंगरकुशीतले गाव. याच परिसरात माणगंगा उगम पावते, पुढे सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीला जाते आणि शेवटी भीमेला मिळते. नाव गंगा, पण खोरे कायम दुष्काळी. इथे विहीर म्हणजे नुसती विहीर नसते. ज्याच्या विहिरीला पाणी, त्याचे शेत, त्याचा ऊस, त्याचा शब्द. ज्याच्याकडे पाणी नाही, त्याने दुसऱ्याच्या बांधावर मजुरीला जायचे.

२६ एप्रिल २००७ रोजी या गावात मधुकर घाडगे या बौद्ध शेतकऱ्यावर विहीर खोदण्याच्या कामावरून जमावाने हल्ला केला. त्यात त्यांचा मृत्यू झाला. खैरलांजीला तेव्हा सात महिनेही झाले नव्हते. खटला चालला आणि २०१० मध्ये साताऱ्याच्या न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले.

भर उन्हाळ्यात, दिवसाढवळ्या, गावच्या शिवारात एक माणूस मारला जातो आणि कायद्याच्या हिशेबी त्याला कोणीच मारलेले नसते! मग आम्ही विचारतो, हे ‘पाण्याचे भांडण’ होते का? भांडण दोन बाजूंचे असते. एकाने विहीर खोदायची, दुसऱ्याने ती खोदू द्यायची नाही, आणि खोदणारा मरायचा, याला भांडण म्हणायचे का?

याच मातीतला १९०१ चा उन्हाळा

कुळकजाईच्या शेजारचा तालुका खटाव. दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून मुंबई सरकारने या तालुक्यात तलाव खोदण्याचे काम काढले होते. त्या कामावर रामजी सकपाळ खजिनदार होते. त्यांना भेटायला १९०१ च्या सुट्टीत साताऱ्याहून मुले निघाली. त्यांत नऊ-दहा वर्षांचा भीमराव होता. मसूर स्टेशनवर मुले उतरली. जात कळताच स्टेशन मास्तरचा चेहरा बदलला. गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाडे घेऊन, मुलांनीच बैल हाकायचे या अटीवर एक जण तयार झाला आणि तो गाडीशेजारून चालत निघाला. शिदोरी सोबत होती, पण पाणी कोणी दिले नाही. पाण्यावाचून अन्नही गळ्याखाली उतरले नाही. रात्र तशीच काढावी लागली.

बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे. ज्या तालुक्यात बाप सरकारी तलावाच्या कामाचा हिशेब ठेवतो, त्याच तालुक्याच्या वाटेवर लेकराला घोटभर पाणी नाही. आपण दरवर्षी ७ नोव्हेंबरला विद्यार्थी दिवस साजरा करतो, कारण १९०० साली त्या तारखेला बाबासाहेबांनी साताऱ्याच्या शाळेत प्रवेश घेतला. तो साजरा केलाच पाहिजे. पण साताऱ्याने बाबासाहेबांना शाळेबाहेरही एक धडा दिला, तो मसूरच्या रस्त्यावरचा. १९०१ चा तो रस्ता आणि २००७ ची ती विहीर यांच्यामध्ये फार अंतर नाही. तेव्हा मागितले तर पाणी मिळत नव्हते. आता आपल्या हाताने विहीर खोदायला लागलो, तर त्याला ‘वाद’ म्हणतात.

कायद्यात ‘भांडण’ या शब्दाची किंमत किती?

आपल्या कार्यकर्त्यांना अ‍ॅट्रॉसिटी कायद्याची कलमे पाठ असतात. पण खुनाच्या कलमांतला एक अपवाद फार थोड्यांना माहीत असतो. भारतीय दंड संहितेचे कलम ३००, अपवाद चौथा. (१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. हा अपवाद आता तिच्या कलम १०१ मध्ये आहे.) तो सांगतो की पूर्वतयारी नसताना, अचानक झालेल्या भांडणात, रागाच्या भरात, अवाजवी फायदा न घेता आणि क्रूरपणे न वागता एखाद्याच्या हातून मृत्यू घडला, तर तो खून नव्हे, ‘सदोष मनुष्यवध’. म्हणजे जन्मठेपेच्या जागी दहा वर्षे, सात वर्षे, कधी भोगून झाली तेवढीच शिक्षा.

हा अपवाद वाईट नाही. माणसाचा तोल जातो, हे कायद्याने मान्य केले आहे आणि ते बरोबरच आहे. पण तो दोन बरोबरीच्या माणसांसाठी कल्पिलेला आहे. शेजार म्हणजे काय? ज्याच्याकडे साखर मागता येते, ज्याच्या ओट्यावर बसता येते, ज्याच्या लग्नात पंगतीला बसता येते, तो शेजारी. गाव आणि गावकुसाबाहेरची वस्ती यांच्यात शेजार नाही, फक्त जवळपणा आहे. अशा ठिकाणी ‘अचानक’ काय घडते? ‘तू आमच्यापुढे बोलतोस?’ हा राग त्या क्षणी पेटलेला असेल, पण त्याचे सरपण पिढ्यान्‌पिढ्या रचून ठेवलेले असते.

उदाहरण घ्या. मध्य प्रदेशातले खुमान सिंग प्रकरण सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१९ मध्ये निकाली काढले. शेतात शिरलेली जनावरे हाकलली म्हणून वाद झाला आणि कुऱ्हाडीच्या घावांनी एक माणूस मेला. मृत अनुसूचित जातीतला. ‘खंगार असून ठाकुरांची जनावरे हाकलतोस?’ अशा अर्थाचे उद्गार फिर्यादी पक्षाने पुढे आणले होते. खालच्या दोन्ही न्यायालयांनी खुनाची शिक्षा दिली होती. अपिलात सर्वोच्च न्यायालयाने ती बदलली. हे अचानक भांडण होते, म्हणून सदोष मनुष्यवध. आणि मृत केवळ अनुसूचित जातीचा होता ‘म्हणूनच’ गुन्हा झाला, असा पुरावा नाही, म्हणून अ‍ॅट्रॉसिटीची शिक्षा रद्द.

म्हणजे ‘भांडण’ हा एकच शब्द दोन कामे करतो. एकीकडे तो खून हलका करतो, दुसरीकडे जात पुसून टाकतो.

खैरलांजी : फाशी दिसली, जात दिसली नाही

२९ सप्टेंबर २००६. भंडारा जिल्ह्यातले खैरलांजी. सुरेखा, प्रियांका, रोशन आणि सुधीर भोतमांगे यांची हत्या. त्याआधी काय घडले होते? शेतातून जाणाऱ्या रस्त्याचा वाद होता. ३ सप्टेंबरला सिद्धार्थ गजभिये यांना मारहाण झाली आणि सुरेखाताईंनी साक्षीदार म्हणून मारणाऱ्यांची नावे सांगितली. आरोपी जामिनावर सुटले त्याच दिवशी भोतमांगेंच्या घरावर हल्ला झाला.

सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी धरले, सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली. अनेकांना वाटले, न्याय झाला. पण त्याच निकालात अ‍ॅट्रॉसिटी कायदा लागला नव्हता. १४ जुलै २०१० रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून २५ वर्षांचा कारावास दिला आणि हे सूडातून झालेले हत्याकांड आहे, जातीवरून झालेले नाही, हीच भूमिका कायम राहिली.

आमचे म्हणणे नीट ऐका. फाशी गेली याचे दुःख आम्हाला नाही. फाशीच्या बाजूने आम्ही बोलतही नाही. आमचे दुखणे वेगळे आहे. सूड कसला? एका बौद्ध बाईने पोलिसांसमोर नाव घेण्याची हिंमत केली याचा सूड. तीच साक्ष गावातल्या एखाद्या बड्या घरातल्या बाईने दिली असती, तर अख्खे कुटुंब संपवायला जमाव निघाला असता का? सूड आणि जात या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. सूड कोणावर घेता येतो, किती घेता येतो आणि घेतल्यावर गाव गप्प कसे राहते, हे जात ठरवते.

पण हे आम्ही लेखात लिहून उपयोग नाही. ते पहिल्या फिर्यादीत, जबाबात, वैद्यकीय अहवालात यायला हवे होते. तिथे पहिल्या शवविच्छेदनावरच प्रश्न उभे राहिले आणि दुसऱ्यांदा करण्याची वेळ आली. सुरुवातीचे दिवस गेले ते गेले.

अपील म्हणजे नवा खटला नव्हे

आपल्यात एक मोठा गैरसमज आहे. ‘खालचे कोर्ट मॅनेज असते, वरच्या कोर्टात न्याय मिळतो.’ वरच्या कोर्टात साक्षीदार पुन्हा उभे राहत नाहीत. नवा पुरावा अगदी अपवादानेच घेतला जातो. तिथे असते ते पेपरबुक : फिर्याद, पंचनामा, जबाब, साक्षी, उलटतपासणी आणि निकाल. वकील त्यावरच बोलतात.

आणि आरोपी सुटला असेल तर वाट आणखी अवघड. आरोपी मुळात निर्दोष मानला जातो, त्यावर न्यायालयाने निर्दोष ठरवले की ते गृहीतक दुप्पट पक्के होते. पुराव्यावरून दोन मते शक्य असतील, तर वरचे न्यायालय सहसा सुटकेत हात घालत नाही. म्हणून एखाद्या गावचे साक्षीदार फितूर झाले, तर त्याचा परिणाम खालच्या कोर्टापुरता राहत नाही. तो वरपर्यंत जातो.

याचा अर्थ अपील निरुपयोगी आहे का? मुळीच नाही. पाण्याचाच इतिहास पाहा. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, हे आपल्याला ठाऊक आहे. पण त्याच वर्षी विरोधकांनी दिवाणी दावा लावला आणि तो पुढची दहा वर्षे चालला, हे कमी जणांना ठाऊक असते. महाडचे न्यायालय, मग ठाण्याचे अपील, मग मुंबई उच्च न्यायालय. १७ मार्च १९३७ रोजी न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांनी सवर्णांचे अपील फेटाळले. कशावर? ‘अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याची अनादी काळापासूनची वहिवाट आहे’ असा दावा करणाऱ्यांना ती वहिवाट सिद्ध करता आली नाही, यावर. म्हणजे मनुस्मृती जाळणाऱ्या बाबासाहेबांनी कोर्टात मनुस्मृतीवर भाषण दिले नाही. तळे कोणाचे, वहिवाट किती जुनी, साक्षीदार काय सांगतो, याची इंच इंच लढाई त्यांनी लढवली. सत्याग्रहाने तळे उघडले आणि कागदाने ते उघडे ठेवले. आपण पहिली गोष्ट घेतली, दुसरी विसरलो.

अपिलाची गरज आपल्यालाही असते

आता थोडे कटू बोलतो. आरोपीच्या पिंजऱ्यात नेहमी समोरचाच उभा असतो, असे नाही. वस्तीतल्या भांडणात आपलीही पोरे असतात. नळावरचे भांडण, भिंतीचे भांडण, दारूतून झालेली मारामारी. एकाच्या हातून घाव बसतो आणि फिर्यादीत घरातल्या सहा जणांची नावे जातात. ‘समान उद्देश’ लावला की ज्याने हातही उचलला नाही, तोही जन्मठेपेला जातो. अशा वेळी अपील हाच आधार असतो. प्रत्येकाने नेमके काय केले, हे तिथे तपासले जाते.

भटक्या-विमुक्तांचे तर विचारूच नका. २००३ साली नाशिक जिल्ह्यात घडलेल्या दरोडा, बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणात भटक्या जमातीतल्या सहा जणांना धरले. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीची शिक्षा ठरवली. पुढे फेरविचार झाला आणि मार्च २०१९ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले. प्रत्यक्ष साक्षीदाराने सुरुवातीला दुसऱ्याच चौघांना ओळखले होते, तो कागद दडपला गेला होता. प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश झाला. सोळा वर्षे तुरुंगात गेली त्यांची! तो एक जुना कागद फाइलमध्ये शिल्लक होता, म्हणून सहा माणसे फासावरून परत आली.

म्हणून आम्ही म्हणतो, ‘अपील म्हणजे गुन्हेगाराची पळवाट’ हे बोलणे आंबेडकरी माणसाला शोभत नाही. १९२६ साली ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरून ब्राह्मणेतर चळवळीतल्या कार्यकर्त्यांना शिक्षा झाली, तेव्हा पुण्याच्या सत्र न्यायालयात त्यांचे अपील बाबासाहेबांनीच चालवले आणि जिंकले. आणि प्रत्येक भांडणाला अ‍ॅट्रॉसिटी लावणेही आपल्याला शोभत नाही. जिथे जात नाही तिथे ती घातली, तर जिथे आहे तिथे कोणी विश्वास ठेवणार नाही.

आता काय बदलले आहे?

दोन गोष्टी बदलल्या आहेत. पहिली, कायदा. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३(२)(५) मध्ये पूर्वी गुन्हा पीडित अनुसूचित जाती-जमातीचा आहे ‘या कारणावरून’ झाला, हे सिद्ध करावे लागे. २६ जानेवारी २०१६ पासून, पीडित त्या जातीचा आहे हे ‘माहीत असताना’ गुन्हा केला, एवढे पुरेसे आहे. आरोपी पीडिताला किंवा त्याच्या कुटुंबाला ओळखत होता, तर जात माहीत होती असे न्यायालय गृहीत धरते, उलट सिद्ध होईपर्यंत. खेड्यात कोणाला कोणाची जात माहीत नसते? जुन्या शब्दरचनेबाबतही २०२१ च्या पाटण जमाल वली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जात हे एकमेव कारण असायची गरज नाही, अनेक कारणांपैकी एक असले तरी चालेल. पण त्याच प्रकरणात पुरावा फाइलमध्ये नव्हता म्हणून ते कलम टिकले नाही! तत्त्व आपल्या बाजूचे, कागद नाही.

दुसरी गोष्ट, अंतर. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले. तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची अपिले आता तिथे. आटपाडी-जतच्या माणसाला तारखेसाठी मुंबई गाठायची गरज नाही. ज्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी अस्पृश्यांना वकिलीच्या सनदा दिल्या, त्याच गावात आपली अपिले चालणार आहेत. आता ‘मुंबईला कोण जाणार’ ही सबब संपली.

म्हणून कार्यकर्त्यांनो,

१. घटना घडली की पहिल्या चोवीस तासांत पोलीस ठाण्यात जा. घोषणेआधी फिर्याद वाचा. नेमके कोणते शब्द बोलले गेले, कोणासमोर, कोणत्या जागी, हे फिर्यादीच्याच भाषेत येऊ द्या. ‘जातीवाचक शिवीगाळ केली’ हे मोघम वाक्य उलटतपासणीत टिकत नाही. शिवीगाळीच्या कलमाला घटना लोकांच्या नजरेसमोर घडलेली असावी लागते. चार भिंतींच्या आतल्या अपमानाला ते लागू होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या हितेश वर्मा प्रकरणात सांगितले आहे.

२. आधीचे सगळे सांगा. विहीर, रस्ता, बांध, मिरवणूक, पूर्वीच्या तक्रारी, ग्रामपंचायतीचे अर्ज. ‘अचानक भांडण’ या बचावाला उत्तर जुन्या कागदांत असते. म्हणून प्रत्येक तक्रारीची पोच जपून ठेवा.

३. जातीचे प्रमाणपत्र वेळेत फाइलला लावा. तपास उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी करतो आहे ना, ते पाहा. साक्षीदारांचे जबाब न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवून घ्या.

४. साक्षीदाराला एकटे सोडू नका. साक्ष चार-पाच वर्षांनी होते. तोवर त्याला त्याच गावात राहायचे असते, त्याच दुकानातून उधार आणायचे असते. कलम १५-अ खाली संरक्षणाचा अर्ज करा, पण त्याच्या घरी जाणेही सोडू नका. तो फितूर होतो तेव्हा बहुतेक वेळा आपणच आधी निघून गेलेलो असतो.

५. निकालाच्या दिवशीच पुढची तारीख मोजा. ३१ डिसेंबर २००९ पासून पीडिताच्या कुटुंबाला सुटकेविरुद्ध स्वतः अपील करण्याचा हक्क आहे. सरकारच्या तोंडाकडे पाहत बसायची गरज नाही. अ‍ॅट्रॉसिटीच्या विशेष न्यायालयाच्या निकालाविरुद्ध मुदत ९० दिवसांची आहे. आणि आपला माणूस तुरुंगात असेल तर तो तुरुंग अधिकाऱ्यामार्फतही अपील पाठवू शकतो. अनुसूचित जाती-जमातींना आणि कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळणे हा १९८७ च्या कायद्याने दिलेला हक्क आहे, उपकार नव्हे.

मधुकर घाडगे यांनी विहीर खोदायला घेतली, तेव्हा ते काही क्रांतीची घोषणा देत नव्हते. शेताला पाणी हवे होते, एवढेच. त्या साध्या मागणीला गावाने उत्तर दिले आणि कागदाने त्याला कोणीच जबाबदार धरले नाही. पुढच्या वेळी एखाद्या ठाण्यात ठाणे अंमलदार लेखणी उचलून म्हणेल, ‘काय झालं, भांडण झालं का?’ तेव्हा तिथे आपल्यातला कोणीतरी उभा पाहिजे. त्याने शांतपणे सांगितले पाहिजे, ‘साहेब, भांडण नाही. जे झालं ते सांगतो, तसंच्या तसं लिहून घ्या.’

जय भीम!